आखाजीला कुलूप लावलं नाही

"ए तडीपारनी बायडी! तारुं पाणी बंद!"

सुरतेत, नवागामच्या आमच्या गल्लीत, नळावर, सगळ्यांदेखत शेठचा माणूस ओरडला. माझा भरलेला हंडा लाथेने उलटवला. आणि मी काय केलं? हात जोडले. "चुकलं, भाऊ," म्हटलं. काय चुकलं, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. आजही आठवलं की माझीच मला चीड येते.

प्लेग येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. माझा नवरा ह्याच शेठच्या लूमवर, कापडाच्या मागावर, कामाला. एका कारागिराचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला, तेव्हा माझ्या नवऱ्याने सगळं खातं, म्हणजे अख्खा कारखानाच, बंद पाडला. आधी दवाखाना, मग मशीन, म्हणाला. झालं! शेठने तक्रारीवर तक्रार केली. कोंबडी कापताना तोंड फिरवणारा माझा नवरा गुंड ठरला. दोन वर्षं सुरत जिल्ह्यातून तडीपार. पोलिसांनी गाडीत कोंबला आणि नवापूरच्या पुढे, महाराष्ट्रात सोडून दिला.

आमची खोली शेठच्या जागेवर, पण भिंती आमच्या हातच्या. रेशनकार्ड त्याच पत्त्यावर. पोरगी इथल्याच शाळेत. जाताना तो एवढंच बोलला, "खोली सोडू नको. खोली गेली की आपण इथले नाही."

मग आखाजी आली, अक्षय्य तृतीया. आम्हा खानदेशी बायांचा माहेरचा सण. अख्खी गल्ली कुलपं लावून गावाला जाते. भाऊ मला न्यायला आला. मीही गाठोडं बांधलं. माय भेटेल, झोका खेळीन, तिथे कुणी मला तडीपाराची बायको म्हणणार नाही. जीव नुसता आसुसला होता.

तेवढ्यात तोच नळावरचा माणूस रिक्षा घेऊन दारात. आता बोलणं कसं, साखरेत घोळलेलं!

"जाओ बेन, निरांते रहेजो. चावी मने आपी जाव."

निवांत राहा म्हणे, आणि चावी ह्याच्याकडे देऊन जा? अस्सं होय! मी गेले की हा खोली मोडणार. वर सांगणार, बाई आपणहून गावी गेली. मग रेशनकार्ड गेलं, पोरीची शाळा गेली, नवऱ्याला परत यायला दारच उरलं नाही.

मी गाठोडं सोडलं.

भाऊ कळवळला. "ताई, माय वाट दखी ऱ्हायनी. लोके काय म्हनतीन?"

"सांग त्यास्ले, मनं घर आठे शे. इथंच!"

मग त्या माणसाकडे वळले. निघायच्या घाईतल्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "तडीपार माझा नवरा आहे. हुकमात माझं नाव आहे का? पोरीचं आहे का? नाही ना? मग चालता हो!"

तो शिव्या देत गेला. भाऊही एकटाच परत गेला. मी दार लावून रडले, खोटं कशाला बोलू.

पण त्या दिवशी ठरवलं ते ठरवलं. सण बुडाला तर बुडू दे. पाणी लांबून आणीन. नवऱ्याला काढायला त्यांना पोलीस लागले. मलाही काढायचं तर फरफटत न्यावं लागेल. माझ्या पायांनी मी जायची नाही.