बायकोचा फंड आणि माझा धीर

पैसा कमी होतो तो फक्त खर्च केल्याने, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मी सरकारी नोकर आहे.

कोळगावच्या कचेरीत मी कारकून. पगार आला की थोडा प्रॉव्हिडंट फंडात, थोडा पोस्टात, आणि मी मोकळा. बायको सुलभा बोईसरच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये. दोन कंपन्यांना टाळं लागलेलं तिने पाहिलंय. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च ती बँकेत वेगळा ठेवते आणि उरलेलं म्युच्युअल फंडात टाकते. लेकीच्या इंजिनिअरिंगचे पैसेही तिथेच. (मला विचारलं होतं. मी पोस्ट म्हणालो होतो.)

एके दिवशी शेअर बाजार आपटला. लेकीने ते खातं माझ्याही मोबाइलवर दिसेल अशी सोय करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी कचेरीत उघडून बघतो तर आकडा एका रात्रीत धाडकन खाली! सुलभाचा फोन बंद, कारण तिच्या कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करून घेतात. साहेबांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं (तोवर खरंच दुखायला लागलं होतं) आणि स्कूटर थेट बोईसरला काढली.

"सुलभाला बोलवा. तातडीचं आहे," मी वॉचमनला म्हणालो.

"काय झालं?"

म्युच्युअल फंड म्हणायची लाज वाटली. "घरचं आहे. तिलाच सांगतो." नेमका तेव्हाच आवाज भरून आला.

वॉचमनने खुर्ची दिली, पाणी दिलं. "बसा. आमी हाय ना," म्हणत आत फोन लावला.

सुलभा सेफ्टी हेल्मेटसकट धावत आली. मागे दोन मैत्रिणी आणि सुपरवायझर.

"आईंना काही झालं?"

"नाही."

"मग पोरीला? अहो, बोला ना!"

"अगं, तिच्या फीचे पैसे... बाजार पडलाय. काढून घे सगळे."

सुपरवायझर हळूच वळून आत गेला. मैत्रिणी भिंतीकडे बघायला लागल्या. सुलभा मटकन खुर्चीत बसली आणि माझं उरलेलं पाणी प्यायली.

"तुमचा पगार कधी थांबलाय का?"

"नाही."

"माझा चार महिने थांबला होता. तेव्हाही मी फंडाला हात लावला नाही. फी अजून दोन वर्षांनी भरायचीय. घरी चला, आणि मोबाइल आईंकडे द्या."

तिलाही घरीच यावं लागलं. शिफ्टमधून एकदा बाहेर पडलेल्याला तिथे परत आत घेत नाहीत.

पुढे फंड सावरला. त्या पडझडीत आमच्या घरातलं गेलं ते एवढंच: सुलभाचा अर्ध्या दिवसाचा पगार. माझी पोटदुखीची रजा भरपगारी मंजूर झाली.