करपट फाइली

आमच्या घरात भात तळाला लागला की म्हणतात, करपट झाला. म्हणून त्या दुपारी सून कॉम्प्युटरसमोरून म्हणाली, "आई, फाइली करप्ट झाल्या," तेव्हा मी आधी वास घेतला. वास काही येत नव्हता.

"कशाने करपल्या?" मी विचारलं.

ती हसायला लागली आणि मध्येच थांबली.

सून तुळिंजच्या बिल्डिंगमध्ये वाढलेली, आम्ही गास गावचे वाडीवाले. ती घरी बसून लग्नाचे अल्बम बनवते. तेव्हा आमच्याच आळीतल्या एका मुलीच्या लग्नाचे फोटो तिच्याकडे आले होते. फोटोवाल्याने पुढच्या लग्नासाठी आपल्या कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून टाकलेलं. म्हणजे ते लग्न आता फक्त आमच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या खोक्यात होतं. मी त्या लग्नात जेवून आले होते. सकाळी कॉम्प्युटर आपला आपण काही अपडेट करत असताना लाइट गेली. परत आली तेव्हा पडदा काळा, त्यावर नुसता एक पांढरा बाण.

माणिकपूरच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराला तिने फोन केला. तो म्हणाला, घेऊन या, सगळं पुसून नवीन टाकतो.

"आणि फोटो?"

"त्याची गॅरंटी नाही मॅडम."

मग तिने जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. मैत्रीण म्हणाली, "पुसायला देऊ नकोस गं. फोटो बहुतेक ठीक असतील. विंडोजच्या फाइली गेल्यात, त्या रिपेअर करून बघ."

मी सुनेच्या कानाशी विचारलं, "विंडोज म्हणजे?"

"ज्याच्यावर कॉम्प्युटर चालतो ना, ते. फोटो त्याच्यावर ठेवलेले."

"मग तळच करपलाय. वरचा भात चांगला आहे."

"कोण बोलतंय?" फोनमधून आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"सासूबाई," सून म्हणाली. "या ना आई, ती काय फोनमधून बघतेय तुम्हाला?"

मैत्रीण सांगेल तशी सुनेने तीन बटणं एकदम दाबली. एक छोटी काळी चौकट उघडली. त्यात तिने काही टाइप केलं आणि आकडा वर चढायला लागला. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. चौथीपर्यंत तेवढं झालं. मी स्टूल ओढून बसले. आत नक्की काय चाललंय, ते मला विचारायचंच होतं.

सुनेने सांगितलं, कॉम्प्युटर प्रत्येक फाइलीची चांगली प्रत आत जपून ठेवतो. एकेक फाइल तिच्याशी ताडून बघतो. खराब निघाली तर काढून चांगली बसवतो. मला ते फार आवडलं. पण आकडा शंभराला पोचला आणि खाली आलेली ओळ वाचून तिचा चेहरा पडला. खराब फाइली सापडल्या होत्या, नीट झाल्या नव्हत्या.

"म्हणजे जपून ठेवलेल्या प्रतीच बिघडल्यात," मैत्रीण म्हणाली. "आता त्या नेटवरून आणायला लाव. आकडा अडकला तरी बंद करू नकोस, झालं की पहिलं काम पुन्हा लाव, मी नंतर फोन करते."

हे मला लगेच कळलं. विरजणच नासलं असेल तर घरात दही कुठून लागणार? शेजारून वाटीभर आणावं लागतं. मी तसं म्हटलं, तर सून म्हणाली, "तेच. फक्त शेजार लांबचा आहे."

या दुसऱ्या कामाचा आकडा साठाच्या पुढे जाऊन अडकला. तेवढ्यात आमचे हे वाडीतून आले, पाय धुऊन दारात थांबले.

"सासू-सून काय बघताय? मॅच लागली?"

"विरजन आणतोय," मी म्हटलं.

"कोनाकडून?"

"शेजारून."

त्यांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "चहा तरी घरचा मिळेल ना?"

आकडा हलत नव्हता. सुनेचा हात बटणाकडे गेला. "बंद करून परत लावू?"

"अडकला तरी बंद करू नको म्हणाली ना ती."

खोक्यावरचा बारीक दिवा मात्र लुकलुकत होता. आकडा थांबला तरी आत कोणीतरी कामाला होतं. मी दिव्याकडेच बघत बसले. चहा ह्यांनीच केला. कप खाली ठेवते तोवर आकडा पुढे सरकला.

मग सुनेने पहिलंच काम पुन्हा करायला लावलं. या वेळी खालची ओळ वेगळी होती. मला वाचता आली नाही, पण तिने तोंडावर हात ठेवला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडद्यावर तिची सगळी चित्रं परत आली. तिने फोटो उघडले. हळदीने पिवळी झालेली नवरी, मांडवाच्या दारात तिचे वडील, पंगत.

सून लगेच अल्बम पुढे करायला बसली.

"आधी वरचा भात काढून घे," मी म्हटलं. या वेळी मोठ्याने.

तिने कपाटातून एक डिस्क काढून जोडली आणि सगळे फोटो तिच्यात टाकायला लावले. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला, झालं का म्हणून.

"थांब गं, भात काढतेय."

"आत्ता? अजून जेवायच्या आहात तुम्ही?"

सून हसत सुटली. मी तिला म्हटलं, तिला विचार, त्या करपट फाइली कॉम्प्युटरने कुठे टाकल्या. तिने विचारलं. मैत्रिणीलाही ठाऊक नव्हतं. मी स्टुलावर तशीच बसून फोटोंचा आकडा चढताना बघत राहिले. पूर्ण शंभर झाला, तेव्हाच भाजी चिरायला उठले.