फोनवर उरलेल्या तीन संधी

मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर किस्से मागवावे लागत नाहीत. गिऱ्हाईक फोन ठेवून जातं, सोबत किस्साही ठेवतं. फोन परत नेतं, किस्सा मात्र आमच्याकडेच राहतो!

गोंदियात माझं आणि बिसेनचं दुकान आहे. कंपनीने अपडेट बंद केलेल्या जुन्या फोनांत आम्ही दुसरी सिस्टीम टाकून देतो. ती परदेशातला कुणी एक माणूस बनवतो. फोन पुन्हा छान चालतो, पण अपडेटसाठी दरवर्षी त्याला फी द्यावी लागते. आणि इथेच सगळे अडतात.

*

अर्जुनी मोरगावचे कापगते गुरुजी पहिल्याच वर्षी अडले. "फोन माया, चार्जिंग माया, अन् पैसे त्याले कायले?"

बिसेन म्हणाला, "गुरुजी, तलाव एकदा बांधला म्हणून पाळीची डागडुजी सोडता काय?"

गुरुजींच्या घराण्यानेच गावचा तलाव आणि त्याची मातीची पाळ बांधलेली. मुकाट्याने पैसे काढले, पण जाता जाता म्हणाले, "पाळ बांधनारा दिसते तरी! याले कोनी पाह्यलं हाय काय?"

आम्ही हसलो. पण खरंच, कोणीच पाहिलं नव्हतं.

*

एकदा भर दुपारी बिसेन कुणाचीशी फी भरत होता. रक्कम टाकली, तेवढ्यात चहा आला, म्हणून बटण न दाबताच फोन पालथा ठेवला.

चहा संपायच्या आत त्या परदेशातल्या माणसाचा मेल! 'पैसे मिळाले. धन्यवाद.'

बँकेत पाहिलं, तर पैसे जागचे हललेले नव्हते. "मग आता कशाला भरतोस?" मी म्हटलं.

बिसेनने घाईघाईने बटण दाबलं. "पागल आहे का? नाही भरले त वसुलीले घरी येईन तो!"

*

फुलचूरच्या एका भाभींना आम्ही सेकंडहॅंड फोन दिला. आधी सगळा पुसून, नवी सिस्टीम टाकून. तरी रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अलार्म वाजायचा आणि स्क्रीनवर यायचं, 'आई, गोळी घे.'

"भैया, मैंने नहीं लगाया!" भाभी घाबरलेल्या. आम्ही फोन पुन्हा पुसला. पुन्हा वाजला.

तिसऱ्यांदा पुसायला मागितला, तर भाभींनी फोन पर्समध्ये टाकला. मुलगा पुण्याला, त्या एकट्या, वर बीपी. म्हणाल्या, "रहने दो भैया. कोई तो याद दिलाता है!"

*

दरेकशाच्या सगनबाईंचा किस्सा मात्र मी सहसा सांगत नाही. मला अजून भीती वाटते.

त्यांच्या नवऱ्याने आमच्याकडूनच सिस्टीम टाकून घेतली होती. पिन फक्त नवऱ्यालाच ठाऊक. आजारपणात त्यांनी बायकोसाठी फोनमध्ये काहीतरी बोलून ठेवलं, "माया मांगं आयकजो" म्हणाले, आणि गेले. पिन सांगायचा राहूनच गेला.

जावयाने अंदाजाने सात वेळा पिन टाकला. सातही चुकले. या फोनात दहा वेळा चुकलं की सगळं पुसलं जातं. उरल्या तीन संधी. सगनबाईंनी जावयाच्या हातून फोन हिसकला आणि पुन्हा कोणाला हात लावू दिला नाही.

तरी दरवर्षी त्या गाडीने येत आणि फी भरून जात. पिनशिवाय अपडेट चढतच नाही, त्यामुळे पैसे वाया. ते घेताना मला लाज वाटायची. एकदा तसं सांगितलंही.

"जाऊ द्या वाया," त्या म्हणाल्या. "फोन बंद नोको पडू. त्याइचा आवाज हाय त्यात."

यंदा आल्या, तेव्हा अपडेट चढतच नाही हे त्यांना दाखवावं म्हणून मी त्यांच्यासमोर फोन बंद करून चालू केला. स्क्रीनवर नवीन अपडेट चढलेलं! खाली लिहिलेलं, 'दहा संधी शिल्लक.'

तिनाच्या दहा एकाच कारणाने होतात. कोणीतरी बरोबर पिन टाकला की.

बिसेनने चहा तसाच खाली ठेवला.

"मावशी, पिन कोणी टाकला?"

"मले त आकडेच येत नाही."

"मग घरी कोण होतं?"

"मी एकलीच. पोळ्याच्या दिवशी आपोआप खुलला."

"आणि आवाज? ऐकलात?"

"आयकला ना." सगनबाईंनी फोन पदरात गुंडाळला. "जावयाले सांग म्हणे, सात खेप चुकला, आता हात नोको लावू!"