सार्डिनियाची भाजी

मुलगी पाहायला मी अमरावतीहून अकोल्याला गेलो, तेव्हा मुलीचे वडील माझ्या दातांकडेच बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमी कावून हासून राहिले?"

आता काय सांगणार! मुलगी आवडली होती, म्हणून हसत होतो.

मामाजी, म्हणजे हे माझे होणारे सासरे, जुन्या शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी लगेच परीक्षाच घेतली. "सार्डोनिक म्हणजे काय?" मला कुठलं यायला! "सार्डिनिया नावाचं बेट हाय. तिथं एक पाला उगवे म्हणतात. खाल्ला की तोंड वाकडं होये, माणूस हासल्यावानी दिसे अन् मरे. त्या पाल्यावरून ग्रीक लोकांनी शब्द काढला. वरून हासू, आतून कडू. असे लोक लय पाह्यले मी."

तरीही मुलगी दिली, का ते देव जाणे. संशय मात्र स्वतःपाशी ठेवला. एकदा नागपूरहून साहेब शाळा तपासायला आला आणि हसून हात मिळवून गेला. यांनी घरी येऊन सामान बांधायला घेतलं, बदली नक्की म्हणून. बदली झालीच नाही. मग त्याचाही संशय!

मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, ही आपली रीत त्यांना फारच सोयीची पडली. आमच्याकडे येताना पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यात आणत. पुढे नातू झाला आणि रीत संपली. बायकोने हौसेने अंबाडीची भाजी वाढली. "कशाची हाय?" त्यांनी विचारलं. मला हसू आवरलं नाही. त्यांनी ताट सारलं. बायको चुलीपाशी बसून रडली. असा संताप आला मला! या माणसाचं काय घोडं मारलं होतं मी?

मग त्यांना अर्धांगवायू झाला. आम्ही अकोल्याला धावलो. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि जन्मात न हसलेला माणूस हसताना दिसत होता. कुणाच्याच हातून घास घेत नव्हते, दात घट्ट मिटून घेत. बायकोने अंबाडीची भाजी मऊ शिजवून आणली, पण बापाचं तोंड बघून ती दारातच थांबली. वाटी मी घेतली. मला रडू फुटत होतं, ते लपवायला मी हसलो आणि लगेच जीभ चावली. मामाजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी तोंड उघडलं. कशाची भाजी, ते विचारलं नाही.

वाटी संपल्यावर मी म्हटलं, "मामाजी, माझं हसू सार्डोनिक आहे का हो?"

त्यांनी मोठ्या कष्टाने जीभ हलवली.

"नाई, बापू."