सिस्टरांनी उघडलेले इंजेक्टर

तीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईंना निवृत्तीनंतरही सगळी गल्ली सिस्टरच म्हणायची. त्यांचे यजमान मेकॅनिक. साखरेच्या आजारानं त्यांची नजर अधू झाली, गॅरेज बंद पडलं. त्यात घरची जुनी गाडी आचके द्यायला लागली.

"पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तुंबलेत," मेकॅनिकनी आवाजावरूनच ओळखलं. "दुसऱ्या कुणाच्या गॅरेजात टाकू."

"कशाला? तुम्ही सांगा, मी करते."

"अगं, ते टाके घालण्याइतकं सोपं नाही."

"टाके सोपे वाटतात तुम्हाला?"

मेकॅनिकनी हात जोडले.

रविवारी सकाळी गाडी अंगणात उघड्यावर आली. इंजिन गार होतं. सिस्टरांनी गॉगल, हातमोजे चढवले, धुतलेल्या कापडावर पाने-पक्कड ओळीनं मांडले आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं.

"चल, पाइप सोडव," मेकॅनिक खुर्चीतून म्हणाले.

"आत प्रेशर असेल ना?"

"आम्ही नुसतं फडकं धरून सोडायचो."

"म्हणूनच डोळ्यांत पेट्रोल उडालं आणि धुऊन घ्यायला माझ्याकडे आलात."

"मग? तोट्यात गेलो का? बायको मिळाली!"

सिस्टर हसल्या, पण ऐकलं नाही. गाडीतल्या पेट्रोल-पंपाचा फ्यूज काढून त्यांनी इंजिन चालू केलं. पाइपातलं पेट्रोल संपताच ते खोकत खोकत आपोआप बंद पडलं. मग त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. आता फडकं गुंडाळून पाइप सैल केला, तर जेमतेम चार थेंब आले.

चारही इंजेक्टर निघाले, स्प्रेनं स्वच्छ झाले. नवी रबरी रिंग मेकॅनिकनी बोटांनी चाचपून द्यायची, सिस्टरांनी तिला ऑइल लावून बसवायची. सगळं जोडून झाल्यावर मेकॅनिक उतावीळपणे म्हणाले, "मार स्टार्टर!"

"आधी नुसती चावी." पंप गुणगुणला, पाइपात पेट्रोल भरलं. सिस्टरांनी टॉर्च लावून सगळीकडे उजेड फिरवला. तिसऱ्या इंजेक्टरशी ओल होती. पुसली, पुन्हा आली.

"रिंगला चीर असेल," मेकॅनिक हळूच म्हणाले. "माझ्या हातून तपासायची राहिली बहुतेक."

"असू दे हो. परत करू."

परत म्हणजे पहिल्यापासून. फ्यूज, बॅटरी, फडकं, सगळं. तासभर गेला, पण या खेपेला जोड कोरडा ठणठणीत राहिला. मग इंजिन सुरू झालं ते एकसुरात, आचका नाही की धक्का नाही. मेकॅनिक बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले.

"हाताखाली असा माणूस असता, तर गॅरेज कुठल्या कुठे गेलं असतं."

"हाताखाली?"

"बरं बाई, डोक्यावर!"