दुसरा सर्व्हर कुठे आहे?

आमच्या वहिनीचा दुधावर विश्वास नाही, हवामान खात्यावर नाही आणि माझ्यावर तर मुळीच नाही. "निघालोय, पोचतोच," असं मी फोनवर म्हटलं की ती विचारते, "भाऊजी, पायात चप्पल आहे का?" बहुतेक वेळा नसते. फक्त दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा शब्द ती कधी तपासून बघत नसे.

दादाने डायलिसिसच्या पेशंटना वेळ ठरवून देणारं अ‍ॅप काढलं. ते कुठल्या सर्व्हरवर चालवायचं हे बघणं वहिनीचं काम, ऑफिसातले फोन घेणं माझं. मोजके दवाखाने होते तोवर एक सर्व्हर पुरला. सोमवारपासून शहरातले सगळेच येणार होते.

"गर्दी वाढली की सर्व्हर वाढवता आले पाहिजेत," वहिनीने बजावलं. "आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या दोन कंपन्या, दोन इमारती. एक बंद पडली तर दुसरीने काम उचलायचं. इथे अडलं, तर कुणाचं तरी रक्त साफ व्हायचं राहतं."

दादाने दोन कंपन्या शोधल्या. "जाऊन बघून आलोय. इमारती वेगळ्या आहेत," म्हणाला.

तरी सह्या करण्याआधी वहिनी मला घेऊन निघाली. संशय कंपन्यांवर होता. 'आमचं कधीच बंद पडत नाही' म्हणणारा माणूस तिला चोरापेक्षा वाईट वाटतो.

पहिली कंपनी हमरस्त्यावर. वॉचमनने आमच्या गळ्यात कार्ड अडकवलं, ते लावलं की सर्व्हर ठेवलेल्या तळघराचं दार उघडायचं. वहिनीने जनरेटरची टाकीसुद्धा ठोकून बघितली. तिथल्या एसीच्या गारठ्यात सेल्समनला घाम फुटला. मला हसू आवरेना.

दुसरी कंपनी मागच्या गल्लीत. पाटी वेगळी, रंग वेगळा. आतल्या दारापाशी वहिनीने सवयीने कार्ड लावलं. ते पहिल्या कंपनीचं होतं, परत करायचं राहून गेलेलं. दार उघडलं.

समोर तेच तळघर, तीच टाकी. पलीकडच्या टोकाला मघाचा वॉचमन.

"ताई, तुम्ही इकडून?" तो म्हणाला. "परवा तुमच्या साहेबांनाही दोन्ही दारं दाखवली की मी. दोन कंपन्या, पण जागा एकच."

माझं हसू जागच्या जागी विरलं.

"तुला माहीत होतं," घरी आल्यावर ती दादाला म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू सोमवारी सुरू होऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

आणि दिलं नाहीच. दुसरी जागा पार शहराबाहेर मिळाली, तोवर सगळं थांबलं. दादाने माफी मागितली, अगदी मनापासून. वहिनी "बरं" म्हणाली. मला वाटलं, मिटलं.

त्याच आठवड्यात आम्ही जेवायला बसलो होतो. दादा स्वयंपाकघरातून आला आणि म्हणाला, "गॅस बंद केलाय गं."

वहिनीने हातातला घास ताटात ठेवला, उठली आणि बघून आली.

गॅस बंदच होता. दादा मान खाली घालून जेवत राहिला.