सीताराम भाऊ आणि मिरचीची शिकवणी

कान्हे गावात सीताराम भाऊंचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. रेल्वेत गँगमन म्हणून त्यांची सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली. निवृत्त झाल्यावरही वस्तीत कुणाचं भांडण मिटवायचं असो की विहारातल्या कार्यक्रमाची जुळवाजुळव असो, भाऊंनी दोन शब्द सांगितले की काम मार्गी लागे. एका सकाळी मात्र चहा पिताना त्यांच्या हातातून कप निसटला, तोंड वाकडं झालं आणि ते खाली कोसळले.

तळेगावच्या दवाखान्यातून घरी आल्यावर हातापायात हळूहळू बळ आलं. जीभ तेवढी वळेना. समोरच्याचं सगळं कळायचं, उत्तरही मनात तयार असायचं, पण तोंडातून निघे तो भलताच आवाज. दवाखान्यातल्या बाईंनी रोज शब्द म्हणायचा सराव सांगितला होता. पत्नी भामाबाई समोर बसून म्हणायच्या, "म्हना बरं, पानी." भाऊ भिंतीकडं तोंड करून पडून राहत. बायकोपुढं लहान पोरासारखं बोबडं बोलायचं त्यांच्या जिवावर येई.

मुलगा सुरज आंबीच्या कारखान्यात कामाला. तिथं गेटपाशी सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू तो घरी घेऊन आला. लालसर, हडकुळं आणि महाबिलंदर. सून पायलनं त्या पिल्लाचं नाव ठेवलं मिरची. मिरची शेजाऱ्यांच्या चपला पळवी, कोंबड्यांमागं धावे, कुणाचं म्हणून ऐकत नसे.

एकदा भाऊ ओट्यावर एकटेच बसले होते. मिरची कोंबडीमागं पळत थेट रस्त्यावर गेली आणि वळणावरून विटांचा ट्रॅक्टर आला. भाऊ ओरडायला उठले. घशातून नुसती घरघर निघाली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून मिरची वाचली. भाऊंनी तिला उराशी धरलं. हिला थांबवायला एक शब्द आपल्याकडं नाही, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर ते भाकरीचा तुकडा घेऊन मागच्या परड्यात गेले. मिरची समोर आली. त्यांनी तुकडा तिच्या नाकापासून डोक्यामागं नेला. तो बघण्याच्या नादात ती आपोआप खाली टेकली. त्याच क्षणी भाऊ म्हणाले, "फ्फस." तुकडा तिला मिळाला. पुन्हा तसंच केलं. मिरचीला हसू आलं नाही, कीव आली नाही. तिनं नुसते कान टवकारले आणि पुढच्या तुकड्याची वाट बघत राहिली.

थोड्याच दिवसांत ती "फ्फस" म्हटलं की बसू लागली. मग एक अडचण आली. पायलनं किती वेळा "बस, बस" म्हटलं तरी मिरची ढिम्म. "आबा, ही फक्त तुमचंच ऐकते," पायल हसून म्हणाली. भाऊंना बरं वाटलं, पण ते विचारात पडले. घरातल्या सगळ्यांचं तिनं ऐकायला हवं, तर शब्द खरा शिकवायला हवा. म्हणजे तो आधी आपल्या तोंडात बसायला हवा.

आता ते स्वतःच आरशापुढं ओठ मिटून, उघडून बघू लागले. भामाबाईंनी फक्त रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त थापायला घेतली. "फ्फस"चं "भस" झालं, "भस"चं "बस". त्यामागोमाग "ये" आलं. "थांब"नं पार जीव काढला.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी भाऊ मिरचीला घेऊन स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले. आजारपणापासून तिथं त्यांच्या वतीनं मित्र रखमाजीच बोलत. "भाऊंना बिनसाखरेचा द्या," रखमाजींनी सांगितलं. तेवढ्यात मिरची एका माणसाच्या हातातल्या वड्यावर झेपावली. रखमाजी ओरडले, "ए, हाड! भाऊ, धरा तिला."

भाऊंनी दोरीला हात लावला नाही. ते म्हणाले, "मिरची. बस."

मिरची होती तिथंच बसली.

"थांब," भाऊ म्हणाले आणि पाठ फिरवून चालत पानाच्या टपरीपर्यंत गेले. वडा तिच्या नाकासमोर होता. तिची लाळ गळत होती, पण नजर भाऊंच्या पाठीवर. त्यांनी वळून "ये" म्हटलं तेव्हा ती बाणासारखी आली.

रखमाजींचे डोळे भरून आले. "भाऊ, आवं तुमी बोललात की."

भाऊंनी मिरचीच्या डोक्यावर हात ठेवला. "शि... शिकलो. दोघं."

अजूनही भाऊंना लांबलचक वाक्य जमत नाही. पण रविवारी वस्तीतले लोक आपापली कुत्री घेऊन परड्यात येतात. परवा एकाचं कुत्रं काही केल्या बसेना. तो भामाबाईंना म्हणाला, "मावशी, भाऊंना इचारा ना, काय चुकतंय?"

"मी कशाला इचारू?" भामाबाई भाकरीचं पीठ मळत म्हणाल्या. "तितं उभे हायेत. तूच इचार. सांगत्याल त्ये."